मथळ्यात ३७२, मजकुरात ३७५

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धनबादजवळच्या चासनाल्याच्या १९७५ सालच्या कोळसा खाणदुर्घटनेला २७ डिसेंबरला पन्नास वर्षं झाली. त्याची एक लहानशी बातमी तुमच्या अंकात आतल्या पानावर आली होती. आठ-नऊ ओळींचीच. वर मथळ्यात ३७२ कामगार गेले, आणि खाली मजकुरात ३७५. मी ती तीनदा वाचली. आधी वाटलं, चष्मा पुसायला झाला. मग नातीला वाचायला दिली. ती म्हणाली, "आजी, छापायची चूक असेल, एवढं काय त्यात."

चूक तुमची नाही, हे आधी सांगते. हे दोन्ही आकडे पन्नास वर्षं सोबतच फिरताहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या यादीत ३७५ आहे, आणि ३७२ सुद्धा ठिकठिकाणी छापून येतो. तुमच्या उपसंपादकाने दोन ठिकाणांहून दोन आकडे उचलले असतील. पण तीन माणसं म्हणजे काही तीन रुपये नाहीत. त्या तिघांची घरं कुठे तरी असतील, आणि त्या घरांना मथळ्यातला आकडा बरोबर वाटतो की मजकुरातला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण शेवटी जी विनंती केली आहे ती कापू नका.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीच्या बत्तीघरात ३२ वर्षं नोकरी केली. इंग्रजीत त्याला लॅम्परूम म्हणतात, आमच्याकडे सगळे बत्तीघरच म्हणतात. खाली उतरणारा प्रत्येक माणूस आधी आमच्या खिडकीशी येतो. आपल्या नंबराचा बिल्ला देतो, आपल्या नंबराचा दिवा घेतो. दिवा टोपीला, बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. दिलेला बिल्ला त्याच नंबराच्या खिळ्याला लटकतो. आठ तासांनी माणूस वर आला की दिवा खिडकीत येतो, बिल्ला त्याच्या हातात जातो. दिवा चार्जिंगला लागतो. पाळी सुटल्यावर खिळ्यावर बिल्ला राहिला, तर तेवढी माणसं अजून खाली आहेत. मग फोन करायचा, ओव्हरमनला, म्हणजे खालच्या पाळीवर देखरेख करणाऱ्याला विचारायचं, कोण राहिलं, का राहिलं. बहुतेक वेळा कुणी पंपावर थांबलेला असतो, नाही तर कुणी दिवा तसाच कमरेला लावून चहाच्या टपरीवर जाऊन बसलेला असतो. त्याला शिव्या घालून आणावं लागतं. ही सगळी यातायात हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण खाली काही झालं तर साहेब, डॉक्टर, पोलीस, सगळे पहिल्यांदा बत्तीघराकडेच धावतात. खाली कोण आहे ते सांगणारी दुसरी भरवशाची जागा नसते. पाण्यात आठवडेच्या आठवडे राहिलेल्या देहाची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही. कमरेच्या बॅटरीवरच्या नंबरावरून पटते.

त्या बत्तीघरात मी कशी आले, तेही सांगते. माझे यजमान लोडर होते, कोळशाचे टब भरायचे. १९८६ साली दुसऱ्या पाळीत छत पडलं. आमच्याकडे ‘चाल पडली’ म्हणतात. ते एकटेच गेले. मी २७ वर्षांची, पदरात दोन लेकरं, शिक्षण नववी. पुढच्या वर्षी अनुकंपेवर नोकरी मिळाली. बायकांना कायद्याने खाली उतरायची बंदी होती, म्हणून विधवांना वर जागा असेल तिथे लावत. मला बत्तीघर मिळालं. खाणीचं नाव लिहीत नाही. तिथे माझ्या वाट्याला वाईट आलं तसं चांगलंही पुष्कळ आलं.

तिसऱ्या दिवशी रॅकवर यजमानांचा नंबर दिसला. दिवा चार्जिंगला लावलेला होता. दिव्याला सुतक नसतं. महिना-दोन महिन्यांतच तो नंबर दुसऱ्याला दिला होता. बिलासपूरकडचा एक पोरगा होता, मिशीही नीट फुटली नव्हती. रोज सकाळी तो खिडकीशी यायचा, "वैनी, दिवा" म्हणायचा, आणि मी द्यायची. त्याला कुणी सांगितलं असावं, कारण पुढे तो खिडकीशी नंबर उच्चारायचा नाही, नुसता बिल्ला ठेवायचा. वर्षभराने त्याने स्वतःच नंबर बदलून घेतला. आमचं यावर एक अक्षरही बोलणं झालं नाही.

नोकरीची पहिली वर्षं मला आकड्यांचं काही वाटत नव्हतं. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरताना ॲसिडचे थेंब उडायचे, साड्यांना चाळणीसारखी भोकं पडायची, त्याचीच जास्त काळजी. पण जुने लोक खिडकीशी टेकून बोलत. त्यात ‘सिलेवाडा’ हे नाव येई. आमच्या भागात, खापरखेड्याच्या बाजूला. कुणी म्हणे, "तेव्हा दहा गेले." कुणी विषय काढला की दुसरा बिडी विझवून निघून जाई. तारीख मला पुष्कळ उशिरा कळली, नातीने मोबाइलवर धनबादच्या महासंचालनालयाची यादी काढून दिली तेव्हा. १८ नोव्हेंबर १९७५. सिलेवाडा. मृत १०. कारण, पाणी शिरणे. एवढंच. एक ओळ.

त्या तारखेकडे नीट पाहा. कोल इंडिया स्थापन झाली १ नोव्हेंबर १९७५ ला. सिलेवाडा त्यानंतर १७ दिवसांनी. देशात आणीबाणी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. आणि सिलेवाड्यानंतर ३९ दिवसांनी, शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास, चासनाला. तिथे इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खाणीत वरच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेलं पाणी मधला कोळसा फोडून खाली आलं, आणि खाली असलेल्यांपैकी कुणी वर येऊ शकलं नाही. पाणी उपसायला रशिया, पोलंडहून पंप आणावे लागले. एवढा मोठा आकांत झाल्यावर नागपूरजवळच्या दहा माणसांना कोण विचारणार? मोठ्या पुरात ओढ्याचं पाणी कुठे मिसळलं ते दिसत नाही, तसं झालं.

पाणी शिरणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट कळत नाही. लोकांना वाटतं पाऊस पडला, नदी फुगली. तसंही होतं. पण पुष्कळदा पाणी खाणीतलंच असतं. जुनं काम बंद करून सोडून देतात, तिथे वर्षानुवर्षं झिरपून पाणी साठतं, आणि शेजारून किंवा खालून नवं काम त्याच्याकडे सरकत जातं. मधे जो कोळसा ठेवलेला असतो त्यालाच सगळा भरवसा. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत १२७ वा नियम होता की अशा जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत गेलात तर लेखी परवानगीशिवाय पुढे सरकायचं नाही, आणि पुढे आधी बोअर मारून बघायचं. हा नियम मला पाठ आहे. शिकले नाही, ऐकून पाठ झाला. सरदारकीच्या, म्हणजे खाणीतल्या मुकादमाच्या परीक्षेला बसणारी पोरं दिव्याच्या रांगेत उभी राहून घोकायची, "साठ मीटर, साठ मीटर, आडवा बोअर, दोन्ही बाजूंना बोअर." त्यातला एक चुकला की मागचा त्याच्या टोपीवर टपली मारायचा. नियम पोरांना पाठ होता. कागदावरच्या जुन्या नकाशात पाणी नेमकं कुठे आहे ते बरोबर दाखवलेलं असेल तरच नियमाचा उपयोग, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

आता यादीकडे परत येते. नातीने ती वाचून दाखवताना मी विचारलं, माझ्या यजमानांचं साल दिसतं का? नाही. का नाही? कारण खाण खात्याच्या भाषेत दहा किंवा जास्त माणसं गेली तरच ‘आपत्ती’. चार ते नऊ गेली तर ‘मोठा अपघात’. त्याहून कमी असेल तर वर्षअखेरच्या तक्त्यात एका रकान्यात बेरीज होऊन जाते. सिलेवाड्याला नऊच गेले असते तर ती ओळही तिथे नसती. त्या दहाव्या माणसामुळे बाकीच्या नऊ जणांची निदान तारीख तरी राहिली. हे मी नातीला म्हटलं, तर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "आजी, तू हे कुठे तरी लिही."

त्या यादीत आपल्या बाजूच्या आणखी ओळी आहेत. माजरी, जिल्हा चंद्रपूर, ५ ऑगस्ट १९५३, पाणी, ११. न्यूटन चिखली, परासियाजवळ, जिल्हा छिंदवाडा, १० डिसेंबर १९५४, पाणी, ६३. कवडीची उघडी खाण, २४ जून २०००, खाणीची कड ढासळली, १०. कवडीच्या दिवशी मी ड्युटीवर होते. बातमी आली तेव्हा आमच्या खिडकीतल्या सगळ्या बायका उगाचच आपापले बिल्ले मोजत बसल्या. आमचा काही संबंध नव्हता, खाण वेगळी, तीही उघडी. तरी मोजले. सिलेवाडा धरून या चार ओळींची बेरीज ९४ होते.

न्यूटन चिखलीबद्दल नागपूरकरांना एक गोष्ट आठवण करून द्यायला हवी. तुम्ही म्हणाल ती मध्य प्रदेशातली, आपला काय संबंध. पण १९५४ साली छिंदवाडा ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ती इथेच होती. त्या त्रेसष्ट जणांची खबर सरकारदरबारी आली असेल ती आपल्या शहरात. वर्तमानपत्रांनी छापली असेल ती आपल्या शहरात. परासिया, जुन्नारदेव, दमुआ या पट्ट्यात वऱ्हाड-नागपूरकडचे लोक तेव्हाही कामाला होते, आणि तिकडचे गोंड, छत्तीसगडी, गोरखपूरकडचे लोक पुढे आमच्या खाणींत आले. माझ्या बत्तीघराच्या रांगेत पाच बोल्या ऐकू यायच्या. नवं राज्य झालं म्हणून ही माणसं परक्यांची झाली असं मी मानत नाही.

आता नावांबद्दल. मला वाटायचं, नावं काय, रजिस्टर उघडलं की मिळतील. फॉर्म बी नावाचं एक रजिस्टर प्रत्येक खाणीत असायचं. नाव, बापाचं नाव, वय, गाव, कामाला लागल्याची तारीख, अंगठा. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचं खातं १९४८ पासून आहे, त्यात नाव. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता, माणूस मेला की मालकाने पैसे आयुक्तांकडे भरायचे, म्हणजे तिथे मेलेल्याचं नाव आणि त्याच्या वारसांचीही नावं. मोठ्या अपघाताची चौकशी होते, तिचा अहवाल निघतो. चासनाल्याची चौकशी पाटणा उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश उ. ना. सिन्हा यांनी केली, १९७७ साली अहवाल दिला. एवढ्या जागी नाव लिहिलेलं असताना माणूस हरवेल कसा?

तीन वर्षांपूर्वी मी सिलेवाड्याची नावं विचारायला एका कार्यालयात जाऊन आले. साहेब भले होते. खुर्ची दिली, चहा दिला, "मावशी, तुम्हाला हे कशाला हवं?" असं दोनदा विचारलं. जुनं रेकॉर्ड एका पावसाळ्यात गेलं म्हणाले. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर, उपलब्ध नाही. एका जुन्या वाचनालयात गेले, तिथे वर्तमानपत्रांचा १९७५ च्या नोव्हेंबरचा बांधीव खंड नेमका बांधणीला गेला होता. दोन वर्षं झाली, अजून आलेला नाही. बांधतात की विणतात, देव जाणे.

आणि रजिस्टर मिळालं तरी त्यातलं नाव खरं असेलच असं नाही, हे तर मीच सांगते. आमच्याकडे एक टिंबरमन होता, छताला लाकडी टेकू लावणारा, बावीस वर्षं नोकरी केली. खाली-वर सगळे त्याला एका नावाने ओळखत. सेवानिवृत्तीच्या समारंभात मागे बॅनर लावला त्यावर नाव वेगळंच. मी शेजारणीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "त्याचा मोठा भाऊ. नोकरी भावाच्या नावावर लागली होती ना." भाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. असे लोक प्रत्येक खाणीत होते. भाऊ गावी गेला, साळा त्याच्या नावावर उतरला. बदली कामगार, ठेकेदाराचा माणूस. मुन्शीने ऐकलं तसं लिहिलं, गोंडी नावाचं हिंदी झालं, हिंदीचं इंग्रजी झालं, आणि इंग्रजीतून परत मराठीत आलं तेव्हा बापालाही ओळखू येईना. असा एखादा बुडाला तर कागदावर जो मेला तो गावी जिवंत असतो, आणि जो खरंच मेला तो कागदावर कधी जन्मलाच नव्हता. चासनाल्याच्या त्या तिघांचा फरक कशाने पडला ते तिथल्यांनी बघावं. पण तीनाचा फरक कसा पडू शकतो, याची उदाहरणं मी माझ्या खिडकीतून रोज पाहिली आहेत.

बाहेरच्या देशांत काय करतात, हे नातीने शोधून सांगितलं. इंग्लंडमध्ये डरहॅम मायनिंग म्युझियमवाल्यांनी खाणीत मेलेल्यांची नावं, वय, काम, कसा मेला, असं एकेक करून लिहून ठेवलंय, आणि त्यात एकेकटे मेलेलेही आहेत. तिथे माझ्या यजमानांनाही ओळ मिळाली असती. बेल्जियममध्ये मार्सिनेल गावी ८ ऑगस्ट १९५६ ला २६२ खाणकामगार गेले, त्यातले १३६ इटलीहून पोटासाठी आलेले. १७ जणांची ओळख तेव्हा पटलीच नव्हती. २०२१ मध्ये त्यांची थडगी उघडून हाडांची डीएनए तपासणी सुरू केली. पासष्ट वर्षांनी! बाप गेला तेव्हा लहान असलेली लेकरं म्हातारी झाली, पण मागे लागून राहिली. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, आपल्याला डीएनए वगैरे नको. आपल्याला शंभर पानी वही आणि बॉलपेन पुरे.

ती वही मी घातली आहे. पहिल्या पानावर सिलेवाडा आणि तारीख. खाली एक ते दहा आकडे, पुढे मोकळी जागा. मागच्या बाजूने उलटी वही धरून माझ्या ३२ वर्षांत आमच्या खाणीत जे एकेकटे गेले त्यांची नावं, त्यांच्या दिव्यांच्या नंबरासकट. ती मला तोंडपाठ होती, लिहायला अर्धा तास लागला. सिलेवाड्याला मात्र तीन वर्षं लागली, अजून पुरं नाही. एक नियम केला आहे, एका माणसाने सांगितलेलं नाव पेन्सिलने लिहायचं. त्या घरचा नसलेल्या दुसऱ्या माणसाने न विचारता तेच नाव आणि तेच गाव सांगितलं, तरच पेनाने. एका म्हाताऱ्याने नुसतं हाक मारायचं नाव सांगितलं, आडनाव नाही, गाव नाही. ते पेन्सिलनेच आहे. तो म्हातारा मागच्या उन्हाळ्यात गेला.

मागे एका कार्यक्रमात मी ही गोष्ट काढली तर एक पुढारी म्हणाले, काकू, आपण शहीद स्मारक उभारू, चौकाला नाव देऊ. मला हात जोडावे लागले. चौकाला नाव द्यायचं तर आधी नाव हवं. नुसता हातात फावडं घेतलेला सिमेंटचा माणूस बसवाल, तर तो कुणाचा बाप? आणि ‘शहीद’ या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. चासनाल्याला शहीद स्मारक आहे, दर २७ डिसेंबरला लोक जमतात, फुलं वाहतात, ते मी मान खाली घालून मानते. ज्यांची माणसं गेली त्यांना हा शब्द हवा असेल तर तो त्यांचा हक्क. पण माझे यजमान शहीद व्हायला गेले नव्हते. त्या महिन्यात टब कमी भरले होते म्हणून दुसरी पाळी धरायला गेले होते. शहीद म्हटलं की चूक कुणाची होती हे विचारायचं राहून जातं. चासनाल्याच्या खटल्यात दोन अधिकाऱ्यांना एक वर्षाची कैद झाली ती २०१२ साली, छत्तीस वर्षांनी. तोवर बत्तीघरातला कुणी तेव्हाचा माणूस नोकरीवर राहिला असेल का?

तर आता विनंती. तुमच्या कार्यालयात जुन्या अंकांच्या फायली असतीलच. १९ नोव्हेंबर १९७५ पासून पुढचे पंधरा दिवस आणि ११ डिसेंबर १९५४ पासून पुढचे पंधरा दिवस, एवढं कुणाला तरी काढून पाहायला सांगा. सेन्सॉर असला तरी मेलेल्यांची नावं कापायचं त्यालाही काही कारण नव्हतं. नावं छापलेली सापडली तर जशीच्या तशी, चुकीच्या स्पेलिंगसकट, पुन्हा छापा. दुरुस्ती घरचे लोक करतील. आणि सोबत एक चौकट द्या, की सिलेवाडा, माजरी, न्यूटन चिखली, कवडी इथे ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी कळवावं. नाव, घरी काय म्हणत, गाव, वय, खाली काय काम करायचा. कागदपत्रं नकोत, आधार नको, लोक घाबरतात. ट्रंकेत पितळी बिल्ला सापडला तर त्यावरचा नंबर. दुसऱ्याच्या नावावर नोकरी होती असं असेल तर तेही बिनदिक्कत कळवा, आता कुणाची पेन्शन थांबत नाही. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं लिहा, मी वहीत खूण करीन. एकेकट्यांचीही पाठवा. त्यांच्यासाठी वहीची मागची बाजू आहे, आणि तिथे अजून पानं शिल्लक आहेत.

चौकटीसाठी जागा नसेल तर पत्रव्यवहारातच एक ओळ चालेल. जी पत्रं येतील ती तुमच्याकडेच ठेवा, मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन उतरून नेईन. जिना चढायला मला वेळ लागतो, तेवढं खाली सांगून ठेवा.

मी निवृत्त झाले २०१९ साली. त्याच वर्षी सरकारने बायकांना भूमिगत खाणीत उतरायची परवानगी दिली. ३२ वर्षं रोज दिवे दिले, ते दिवे लागायचे ती जागा मी पाहिलेली नाही. नात सध्या खाणकामाच्या डिप्लोमाला आहे. तिची आई नको म्हणते, मी काही बोलत नाही. परवा ती नियम पाठ करत होती. नियमांची पुस्तकं आता नवी आली आहेत, पण मी स्वयंपाकघरातून विचारलं, जुन्या पाण्यापासून किती? ती म्हणाली, "साठ मीटर." मग विचारलं, सिलेवाड्याचे किती झाले? ती म्हणाली, "चार. दोन पेनाने, दोन पेन्सिलने."

आपली,
बत्तीघरातून निवृत्त झालेली एक वाचक
खापरखेडा, जि. नागपूर